चार्ल्स पहिला विरुद्ध पार्लमेंट: भांडण कायद्याचे की भरवशाचे?

तळटीप

इंग्लंडच्या यादवी युद्धाबद्दल आपण शाळेत जे वाचले ते दोन ओळींत संपते. चार्ल्स पहिला स्वतःला ईश्वराचा प्रतिनिधी समजत होता आणि पार्लमेंटला न विचारता कर लावत होता, म्हणून पार्लमेंटने त्याच्याशी युद्ध केले आणि १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद केला. या दोन ओळी खोट्या नाहीत, पण त्यांतून युद्ध का झाले हे मात्र कळत नाही. युद्धाला तोंड फुटले ऑगस्ट १६४२ मध्ये, आणि ज्या करांबद्दल एवढी ओरड होती ते त्याच्या वर्षभर आधीच, खुद्द राजाच्या संमतीने, रद्द झालेले होते. राजाच्या सल्लागारांचे, ज्यूरीवाचून शिक्षा देणारे स्टार चेंबरचे न्यायालय बंद झाले होते. दर तीन वर्षांनी पार्लमेंट भरलेच पाहिजे असा कायदा झाला होता. चालू पार्लमेंट त्याच्या स्वतःच्या संमतीवाचून बरखास्त करता येणार नाही, हेही राजाने लिहून दिले होते. एवढे सगळे पदरात पडल्यावर लढाई कशासाठी झाली, हा या धाग्याचा विषय आहे.

माझे मत आधीच मांडतो. १६४० पर्यंत कायद्याची बाजू, निदान कागदोपत्री, बऱ्याच अंशी राजाकडे होती. त्याच्याकडे नव्हती ती पत. दिलेला शब्द हा माणूस पाळत नाही अशी खात्री झालेल्या लोकांना त्याने पुढे कितीही सवलती दिल्या तरी त्यांचा उपयोग होत नव्हता, कारण प्रत्येक सवलत तो संधी मिळताच मागे घेईल हे ते धरूनच चालले होते. त्यामुळे भांडण हळूहळू कायद्यावरून सरकत सैन्यावर आले.

सुरुवात पैशापासून झाली. राजाने शांततेच्या काळात स्वतःच्या उत्पन्नावर भागवावे आणि युद्धासाठी पार्लमेंटकडे हात पसरावा, अशी जुनी रीत होती. आयात-निर्यातीवरची जकात नव्या राजाला तहहयात मंजूर करण्याचा प्रघात असताना चार्ल्सच्या पहिल्याच पार्लमेंटने १६२५ मध्ये ती एका वर्षापुरती देण्याचे ठरवले. राजाने मंजुरीवाचून जकात वसूल करणे चालू ठेवले, शिवाय सक्तीचे कर्ज काढले आणि ते न देणाऱ्यांना कारण न सांगता तुरुंगात टाकले. १६२८ मध्ये पार्लमेंटने ‘पिटिशन ऑफ राइट’ पुढे केले: संमतीशिवाय कर नको, कारण दाखवल्याशिवाय अटक नको, लोकांच्या घरांत सैनिक उतरवणे नको. राजाने आढेवेढे घेऊन ते मान्य केले आणि पुढच्याच वर्षी पार्लमेंट बरखास्त करून अकरा वर्षे भरवलेच नाही.

ही अकरा वर्षे कदाचित वीसही झाली असती, पण स्कॉटलंड आडवे आले. १६३७ मध्ये तिथल्या चर्चवर इंग्लिश धर्तीचे प्रार्थनापुस्तक लादण्याचा हट्ट राजाने आणि आर्चबिशप लॉड यांनी धरला, एडिंबराच्या सेंट जाइल्समध्ये दंगल झाली आणि पुढच्या वर्षी स्कॉट लोकांनी शपथपत्रावर सह्या करून बंड उभारले. त्यांच्याशी लढायला पैसा हवा म्हणून एप्रिल १६४० मध्ये पार्लमेंट बोलावले, ते तीन आठवड्यांत राजाने मोडले, आणि ऑगस्टमध्ये स्कॉट सैन्य न्यूबर्नची लढाई जिंकून न्यूकॅसलमध्ये येऊन बसले. तहाच्या अटीनुसार त्या सैन्याच्या खर्चासाठी दिवसाला ८५० पौंड मोजायचे होते. ही रक्कम पार्लमेंटवाचून उभी राहणे अशक्य होते, आणि म्हणूनच ३ नोव्हेंबर १६४० रोजी भरलेले पार्लमेंट राजाला मोडता येईना.

इथून पुढे राजाच्या शब्दावरच्या भरवशाचा प्रश्न येतो. राजाचा सर्वांत कर्तबगार मंत्री स्ट्रॅफर्ड याच्यावर राजद्रोहाचा महाभियोग चालला, पण राजाची सेवा करणे हा राजाविरुद्ध द्रोह कसा होतो हे कोणाला सिद्ध करता येईना. तेव्हा पार्लमेंटने खटल्याचा नाद सोडून थेट कायदा करूनच त्याला मृत्युदंड दिला. तुझ्या जिवाला, अब्रूला किंवा मालमत्तेला धक्का लागू देणार नाही, असे राजाने स्ट्रॅफर्डला स्वतःच्या हाताने लिहून कळवले होते. बाहेर जमाव जमला, राणीच्या जिवाची भीती वाटू लागली, आणि राजाने सही केली. १२ मे १६४१ रोजी टॉवर हिलवर स्ट्रॅफर्डचे मुंडके उडाले. स्वतःच्या सर्वांत निष्ठावान सेवकाला दिलेला शब्द जो राखू शकला नाही, तो विरोधकांना दिलेला राखेल, असे कोणी का मानावे? त्याच वसंतात काही सैन्याधिकाऱ्यांना हाताशी धरून टॉवर हा लंडनचा किल्ला ताब्यात घेण्याचा बेतही उघडकीस आला होता.

ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिकांचा उठाव झाला आणि सगळे प्रश्न एका प्रश्नात गोळा झाले. उठाव मोडायला सैन्य हवे यावर सर्वांचे एकमत होते. ते सैन्य कोणाच्या हुकमतीत असावे यावर मात्र नव्हते. कायद्याने ते राजाचे. पण आयर्लंडसाठी उभारलेले सैन्य तो वेस्टमिन्स्टरवर वळवणार नाही याची हमी कोण देणार? २२ नोव्हेंबरला राजाच्या कारभाराचा पाढा वाचणारे ‘ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स’ १५९ विरुद्ध १४८ मतांनी मंजूर झाले. वर्षभरापूर्वी ज्या सभागृहात राजाच्या बाजूने बोलणारा शोधावा लागत होता, तिथे फरक आता अकरा मतांवर आला होता. राजाने थोडा धीर धरला असता तर कदाचित त्याचेच बहुमत झाले असते.

तसा धीर त्याने धरला नाही. ४ जानेवारी १६४२ रोजी तो सुमारे चारशे सशस्त्र माणसे घेऊन पिम, हॅम्डेन, होल्स, हेझलरिग आणि स्ट्रोड या पाच सदस्यांना पकडायला कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहात, आला. बाहेरचे शिपाई आतून दिसावेत म्हणून दरवाजा मुद्दाम उघडा धरून ठेवला होता. राजाने टोपी काढली, सभापती लेन्थॉल यांची खुर्ची थोडा वेळ वापरायला मागितली आणि ते पाच जण कुठे आहेत असे विचारले. लेन्थॉल गुडघे टेकून म्हणाले की या जागेवर हे सभागृह आज्ञा देईल त्यापलीकडे मला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. पाचही जण आधीच होडीतून लंडन शहराकडे निसटले होते. ‘पाखरे उडालेली दिसतात’ असे म्हणून राजा परतला. जॉन रशवर्थ हा दुय्यम लिपिक हे सर्व लघुलिपीत टिपत होता. त्या संध्याकाळी राजाने त्याला बोलावून त्या टिपणाची प्रत मागून घेतली. सत्ता हातून जात असताना आपण नेमके काय बोललो ते तपासून पाहणारा हा राजा मला तरी कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या जुलमी राजापेक्षा जास्त खरा वाटतो. सहा दिवसांनी त्याने लंडन सोडले.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः जहाजपट्टीच्या खटल्याबद्दल कोणी लिहिले तर बरे होईल. मी तो मुद्दाम सोडला आहे.

शिरस्तेदार

उत्तम धागा. वकिली पेशात असल्यामुळे जहाजपट्टीच्या खटल्याबद्दल लिहिण्याचा मोह आवरत नाही.

समुद्रावरून संकट आले तर बंदरांच्या गावांनी राजाला जहाजे किंवा त्यांच्याऐवजी पैसे द्यावेत, ही जुनी आणि निर्विवाद प्रथा होती. १६३४ मध्ये राजाने ती बंदरांवर लागू केली तेव्हा फारशी कुरबूर झाली नाही. १६३५ मध्ये हीच मागणी समुद्राचे तोंडही न पाहिलेल्या परगण्यांवर आली आणि मग दरवर्षी येऊ लागली, तेव्हा हा कर कायमचा होणार हे लोकांच्या लक्षात आले. वर्षाला सुमारे दोन लाख पौंड उभे राहत होते आणि सुरुवातीला वसुलीही चोख होती. बकिंगहॅमशायरचे जमीनदार जॉन हॅम्डेन यांनी आपल्या एका जमिनीवरचे वीस शिलिंग भरायला नकार दिला. रक्कम त्यांच्या दृष्टीने किरकोळ होती, वाद तत्त्वाचा होता. खटला बाराही न्यायाधीशांपुढे चालला.

हॅम्डेन यांचे वकील ऑलिव्हर सेंट जॉन यांचा युक्तिवाद मी नवोदित वकिलांना नेहमी सांगतो. संकटकाळी राजाला असाधारण अधिकार आहेत, हे त्यांनी नाकारलेच नाही. ते आधी मान्य करून टाकले. मग त्यांनी राजाचाच हुकूम हातात घेतला. हुकूम ऑगस्टमध्ये निघाला आणि जहाजे मार्चमध्ये सज्ज ठेवायची होती, म्हणजे सात महिने हाताशी होते. पार्लमेंट बोलवायला चाळीस दिवस पुरतात. ज्या संकटाला सात महिने थांबायला सवड आहे, ते चाळीस दिवस थांबू शकत नाही असे कसे म्हणता येईल? प्रतिपक्षाचा कागद त्याच्यावरच उलटवण्याचा याहून नेटका नमुना मला माहीत नाही.

१६३८ मध्ये निकाल सात विरुद्ध पाच असा राजाच्या बाजूने लागला. बहुमतातल्या न्यायाधीशांचे म्हणणे असे की संकट आहे की नाही हे ठरवणारा एकटा राजा, आणि त्याने आहे म्हटले की न्यायालयाने त्याची शहानिशा करायची नसते. त्यातल्या फिंच यांनी तर पार्लमेंटचा कोणताही कायदा राजाचा हा अधिकार काढून घेऊ शकत नाही, इथवर मजल मारली. अशा निकालाने राजा खटला जिंकला आणि लोकमत गमावून बसला. १६३९ च्या मागणीतली बहुतेक रक्कम वसूलच झाली नाही.

तेव्हा मूळ लेखातल्या ‘कायद्याची बाजू राजाकडे होती’ या विधानाला माझी एक पुस्ती आहे. न्यायालय राजाकडे होते. कायदा तितकासा नव्हता. बारापैकी पाच न्यायाधीश, ज्यांना राजा नेमत असे आणि काढूही शकत असे, त्याच्याविरुद्ध गेले ही सामान्य गोष्ट नाही. आपल्या राज्यघटनेतला अनुच्छेद २६५, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही हे कलम, वाचताना मला दर वेळी हे वीस शिलिंग आठवतात.

दीपमाळ

तळटीप, एक शंका आहे. लंडनमधल्या या घडामोडी समजल्या, पण दूरच्या एखाद्या परगण्यातल्या माणसाने आपली बाजू ठरवली कशी? त्याला राजाविरुद्ध शस्त्र उचलणे हा द्रोह वाटला नसेल का?

तळटीप

दीपमाळ, प्रश्न अगदी मर्मावर आहे. बहुसंख्य लोकांना कोणतीच बाजू घ्यायची नव्हती, आणि काही परगण्यांनी तर आपापसांत तटस्थतेचे करार करून पाहिले. पण १६४२ च्या उन्हाळ्यात दोन कागद गावोगाव पोहोचले. एक पार्लमेंटचा ‘मिलिशिया ऑर्डिनन्स’. राजाची संमती नसताना दोन्ही सभागृहांनी काढलेला हुकूम, म्हणून त्याला कायदा न म्हणता ऑर्डिनन्स म्हटले गेले. दुसरा राजाचा ‘कमिशन ऑफ ॲरे’. चौथ्या हेन्रीच्या काळातल्या कायद्याचा आधार घेऊन काढलेला आणि लॅटिनमध्ये लिहिलेला. दोन्ही कागद म्हणत होते की गावातली हत्यारबंद तुकडी आमच्या माणसाच्या हाताखाली जमवा. शस्त्रागाराची किल्ली कोणाच्या हातात द्यायची याचे उत्तर त्या दिवशी द्यावेच लागे, आणि ते देताना माणूस बाजू घेऊन मोकळा होई.

याची पहिली चुणूक एप्रिलमध्येच हल या बंदराच्या गावाच्या वेशीवर दिसली होती. तिथे मोठा शस्त्रसाठा होता. राजा स्वतः दारात येऊन उभा राहिला आणि सर जॉन हॉथम यांनी तटावरून त्याला प्रवेश नाकारला. मिलिशियाचा ताबा काही काळापुरता तरी पार्लमेंटला द्याल का, असे विचारल्यावर एक तासभरही देणार नाही, असे राजाने मार्चमध्ये सांगून टाकले होते.

द्रोहाबद्दल म्हणाल तर पार्लमेंटने त्यातून एक पळवाट काढली होती. त्याचे सेनापती ‘राजा आणि पार्लमेंट’ यांच्यासाठी लढत होते; दुष्ट सल्लागारांच्या तावडीतून राजाला सोडवायचे, अशी भूमिका होती. ही भूमिका किती ताणता येते हे १६४४ च्या नोव्हेंबरमध्ये दिसले. पार्लमेंटचाच सेनापती मँचेस्टर म्हणाला, आपण राजाला नव्याण्णव वेळा हरवले तरी तो राजाच राहणार, आणि त्याने आपल्याला एकदा हरवले तर आपण सगळे फासावर जाऊ. त्याच्याच हाताखालच्या क्रॉमवेलने विचारले, असे असेल तर आपण मुळात शस्त्र उचलले कशाला?

कंदील

चर्चा छान चालली आहे, पण राजाच्या बाजूने कोणीतरी उभे राहिले पाहिजे, म्हणून मी राहतो.

जहाजपट्टी हा जुलूम होता असे मानू. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या पार्लमेंटने सत्ता हाती आल्यावर काय केले? जुलै १६४३ मध्ये पार्लमेंटचे पुढारी पिम यांनी बिअर, तंबाखू यांच्यावर अबकारी कर आणला आणि पुढे तो मांस-मिठापर्यंत पोहोचला. १६४५ मध्ये नव्या सैन्यासाठी परगण्यांवर महिन्याला ५३ हजार पौंडांहून अधिक आकारणी बसली, म्हणजे वर्षाला सहा लाखांच्या वर. शिरस्तेदारांनी जहाजपट्टीचा आकडा दोन लाख दिला आहे. तिप्पट कर, तोही राजाच्या संमतीवाचून, आणि वसुलीला घोडदळ.

१६४८ च्या डिसेंबरात तर कळसच झाला. राजाशी बोलणी चालू ठेवावीत असा ठराव कॉमन्सने १२९ विरुद्ध ८३ मतांनी केला. दुसऱ्याच दिवशी, ६ डिसेंबरला, पार्लमेंटच्याच सैन्यातले कर्नल प्राइड हातात यादी घेऊन सभागृहाच्या दाराशी उभे राहिले. चाळीसहून अधिक सदस्यांना अटक झाली आणि त्याहून कितीतरी जास्त जणांना आत जाऊ दिले नाही. राजा पाच जणांना पकडायला आला आणि रिकाम्या हाताने परतला, त्याला आपण साडेतीनशे वर्षे नावे ठेवत आहोत. अटक झालेल्यांत विल्यम प्रिन होते. याच प्रिन यांचे कान लॉड यांच्यावर टीका केल्याबद्दल १६३७ मध्ये कापले होते. तेव्हा राजाने आणि आता सैन्याने, असा त्यांना दोन्हीकडून न्याय मिळाला.

आणि खटला! इंग्लंडमध्ये राजद्रोहाची व्याख्या १३५२ च्या कायद्याने केलेली होती आणि तिच्यानुसार हा गुन्हा राजाविरुद्ध घडतो. राजानेच तो केला असे म्हणण्यासाठी उरल्यासुरल्या कॉमन्सने स्वतःच ठराव करून सर्वोच्च सत्ता आपल्याकडे घेतली. लॉर्ड्सनी, म्हणजे उमरावांच्या सभागृहाने, नकार दिला तर त्यांना वगळले. १३५ न्यायाधीश नेमले, त्यांतले निम्म्याच्या आसपास पहिल्या दिवशी हजर राहिले, आणि अध्यक्ष ब्रॅडशॉ यांनी जिवाच्या भीतीने टोपीत पोलादी अस्तर घालून घेतले. चार्ल्सने आरोपाला उत्तरच दिले नाही; तुम्ही मला कोणत्या अधिकाराने इथे आणले एवढेच तो विचारत राहिला. कायद्याचा आधार नसलेली सत्ता राज्याचे मूलभूत कायदे बदलू शकत असेल, तर इंग्लंडमधला कोणता प्रजाजन आपल्या जिवाची खात्री बाळगू शकेल, हा त्याचा प्रश्न त्या सात दिवसांत कोणीही खोडून काढला नाही. आयुष्यभर कायदा वाकवणाऱ्या माणसाने शेवटच्या आठवड्यात कायद्याची सर्वांत चांगली वकिली केली.

तळटीप

कंदील, तुमचे बहुतेक मुद्दे मान्य आहेत. करांचा तर पूर्ण मान्य. पण त्यामुळे माझा मुद्दा सैल होत नाही, उलट घट्ट होतो.

१६४६ मध्ये राजा हरला होता, तरी त्याला मारावे असे पार्लमेंटमध्ये जवळजवळ कोणालाच वाटत नव्हते. स्कॉट सैन्याने त्याला इंग्लंडच्या हवाली केले (चार लाख पौंड थकबाकीच्या बदल्यात, त्यातले निम्मे रोख), आणि त्यानंतर दोन वर्षे पार्लमेंट, सैन्य आणि स्कॉट असे तिघेही त्याच्यापुढे तडजोडीचे मसुदे ठेवत होते. त्याने बहुतेक मसुदे सरळ नाकारले नाहीत आणि एकही मनापासून स्वीकारला नाही. नेझबीच्या लढाईत, जून १६४५ मध्ये, त्याचा खाजगी पत्रव्यवहार शत्रूच्या हाती लागला होता आणि पार्लमेंटने तो छापूनच टाकला. तहाची बोलणी चालू असताना आयर्लंडमधून कॅथलिक सैन्य आणण्याचे त्याचे बेत त्यात राणीला लिहिलेल्या पत्रांतून उघड झाले. १६४७ च्या डिसेंबरात, कॅरिसब्रुकच्या किल्ल्यात नजरकैदेत असताना आणि पार्लमेंटशी वाटाघाटी चालू असताना, त्याने स्कॉट लोकांशी गुप्त करार केला, आणि त्यातून १६४८ चे दुसरे युद्ध पेटले.

सैन्याचा पवित्रा इथे बदलला. पहिल्या युद्धाचा दोष दोन्ही बाजूंना देता येत होता. दुसरे युद्ध मात्र हरलेल्या माणसाने पुन्हा रक्त सांडण्यासाठी पेटवले, असे विंडसरला प्रार्थनेसाठी जमलेल्या अधिकाऱ्यांना वाटले. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात तो ‘रक्तलांछित चार्ल्स स्टुअर्ट’ झाला. खटला बेकायदा होता, हे तुमचे म्हणणे योग्यच आहे. तो चालवणाऱ्यांकडे कायदेशीर मार्ग उरला नव्हता, हेही तितकेच खरे आहे. कारण प्रत्येक कायदेशीर मार्गाच्या शेवटी त्याच माणसाची सही लागत होती.

मोरपंखी

माझे वास्तव्य लंडनच्या नैर्ऋत्य भागात आहे, म्हणून एका जागेबद्दल लिहिते. थेम्सवरच्या पटनी पुलाला लागूनच सेंट मेरी हे चर्च आहे. मनोरा तेवढा जुना, बाकी इमारत नंतरची. ऑक्टोबर १६४७ च्या अखेरीस सैन्याचे अधिकारी आणि शिपायांनी निवडलेले प्रतिनिधी इथे जमले आणि राजा कैदेत असताना देश कसा चालवायचा यावर वाद घालू लागले. कर्नल रेन्सबरो यांचे एक वाक्य आज तिथे भिंतीवर वाचायला मिळते: इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब माणसालाही सर्वांत मोठ्या माणसाइतकेच आयुष्य जगायचे असते. त्यावरून त्यांचा निष्कर्ष असा की ज्या सरकारच्या हाताखाली राहायचे त्याला संमती देण्याचा हक्क त्या गरिबालाही हवा. क्रॉमवेलचे जावई आयर्टन यांनी उत्तर दिले की ज्याची या राज्यात कायमची मिळकत आहे त्यालाच मत असावे, नाहीतर उद्या बहुमताने मालमत्ताच वाटून घेतील.

तुम्हा सर्वांच्या चर्चेत राजा आहे, पार्लमेंट आहे, सैन्य आहे. पण पार्लमेंट नेमके कोणाचे, हा प्रश्न चर्चमधल्या त्या शिपायांखेरीज कोणी विचारलेला दिसत नाही. हॅम्डेन यांचे वीस शिलिंग हे एका जमीनदाराचे वीस शिलिंग होते. अबकारी कराचा बोजा मात्र बिअर विकत घेणाऱ्या मजुरावर पडला, आणि तो बसवणाऱ्या सभागृहात त्याचे मत नव्हते. या वादाची लघुलिपीतली टिपणे सैन्याचे चिटणीस विल्यम क्लार्क यांनी घेतली होती. ती ऑक्सफर्डच्या वुस्टर कॉलेजात पडून राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छापली गेली. अडीचशे वर्षे राजा विरुद्ध पार्लमेंट असाच इतिहास लिहिला गेला, याचे एक कारण हेही असावे.

शिरस्तेदार

मोरपंखीताई, अगदी योग्य बोललात. कंदील यांनी प्रिन यांचा उल्लेख केला म्हणून आणखी दोन माणसांची गोष्ट सांगतो.

२ मार्च १६२९ रोजी राजाच्या हुकमावरून सभागृह तहकूब करायला सभापती उठू लागले, तेव्हा डेन्झिल होल्स आणि त्यांच्या एका साथीदाराने सभापतींना खुर्चीत दाबून धरले आणि तेवढ्या वेळात राजाविरुद्धचे तीन ठराव मंजूर करून घेतले. ज्यांना दाबून धरले ते सभापती म्हणजेच जॉन फिंच, पुढे जहाजपट्टीच्या खटल्यात राजाला अमर्याद अधिकार बहाल करणारे न्यायाधीश. १६४० च्या डिसेंबरात पार्लमेंटचा रोष ओढवल्यावर ते हॉलंडला पळाले. होल्स मात्र १६४२ च्या त्या पाच जणांपैकी एक झाले. पुढे राजाशी तडजोड करावी असे म्हणू लागल्यावर १६४७ मध्ये सैन्याने त्यांच्यावरच आरोप ठेवले आणि तेही देश सोडून पळाले. राजेशाही परत आल्यावर, १६६० च्या ऑक्टोबरात, राजवध करणाऱ्यांवरचे खटले चालवायला जे न्यायमंडळ बसले त्यात होल्सही होते आणि फिंचही.

होल्स यांना संधिसाधू म्हणण्याकडे काहींचा कल असतो. मला ते तसे वाटत नाहीत. राजा हवा, पण पार्लमेंटच्या मर्यादेत हवा, हे त्यांचे म्हणणे एकतीस वर्षांत फारसे हलले नाही. हलली ती भोवतालची जमीन.

दीपमाळ

सर्वांचे आभार. पैशाच्या बाजूने आपल्याकडे येणारा एक धागा मला सापडतो, तो जोडते.

१६४० मध्ये स्कॉट युद्धासाठी राजा इतका कोंडीत सापडला होता की त्याने जुलैमध्ये टॉवरमधल्या टांकसाळीत व्यापाऱ्यांनी ठेवलेली चांदी अडवली आणि त्यांच्याकडून कर्ज मिळाल्यावर ती सोडली. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीची गोदामात पडलेली मिरी त्याने सुमारे ६३ हजार पौंडांना उधारीवर विकत घेतली आणि तोटा सोसून सुमारे ५० हजारांना रोखीने विकून टाकली. हातात रोकड आली, कंपनीचे देणे मात्र तुंबले. याच राजाने काही वर्षांपूर्वी कंपनीच्या मक्तेदारीला डावलून कोर्टीनच्या व्यापारी मंडळाला पूर्वेकडे व्यापाराची परवानगी दिली होती आणि त्यांची जहाजे गोव्यापर्यंत येऊन गेली होती. लंडनचे बडे व्यापारी युद्धात एकगठ्ठा पार्लमेंटकडे गेले असे नाही, पण राजाला उधार द्यायला कोणी धावले नाही यात नवल वाटत नाही.

मुलाची गोष्ट त्याहून ओळखीची आहे. दुसऱ्या चार्ल्सला १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालकडून मुंबई मिळाली. गोव्याच्या व्हाइसरॉयने ताबा देण्यात इतकी टाळाटाळ केली की इंग्लिश शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आजाराने मेले, आणि मुंबई हाती आली ती १६६५ मध्ये. तीन वर्षांनी राजाने ती वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला देऊन टाकली. करार आणि सनद, दोन्ही राजाच्या मोहोरेने झाले. म्हणजे एवढे रामायण होऊनही परराष्ट्रव्यवहार आणि नवा मुलूख या बाबी राजाच्या खाजगी अखत्यारीतच राहिल्या होत्या.

कंदील

दीपमाळ, मिरीचा किस्सा नवा होता. मग पुढचा प्रश्न साहजिक आहे: १६४२ मध्ये ज्या मिलिशियावरून युद्ध पेटले तिचे १६६० नंतर काय झाले? क्रॉमवेलने १६५३ मध्ये शिपाई बोलावून ते उरलेसुरले पार्लमेंटही हाकलून दिले आणि पुढे मेजर जनरलांकरवी राज्य चालवून पाहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचे कोणी सांगेल का?

तळटीप

कंदील, उत्तर थोडे गमतीचे आहे. १६६१ मध्ये पार्लमेंटनेच कायदा करून जाहीर केले की मिलिशियावर आणि सर्व सैन्यावर हुकमत एकट्या राजाची आहे, आणि ती मागण्याचा हक्क कोणत्याही सभागृहाला नाही. म्हणजे १६४२ च्या मूळ वादात राजाची बाजू लेखी मान्य झाली. लोक क्रॉमवेलच्या फौजेला इतके विटले होते की राजाची फौज त्यांना परवडली.

मात्र १६४१ चे करविषयक कायदे कोणी मागे घेतले नाहीत. जहाजपट्टी परत आली नाही, स्टार चेंबर परत आले नाही. हुकमत राजाची आणि तिजोरीची किल्ली पार्लमेंटकडे, अशी ही विभागणी होती, आणि दुसऱ्या जेम्सने मोठी खडी फौज ठेवायला सुरुवात करेपर्यंत ती कशीबशी चालली. १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’मध्ये शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीवाचून खडी फौज ठेवणे बेकायदा ठरवले. त्याच वर्षीच्या ‘म्यूटिनी ॲक्ट’ने सैन्याला शिस्त लावण्याचा अधिकार थोड्या मुदतीपुरताच दिला, आणि पुढे तो बहुतेक वर्षी नव्याने मंजूर करून घ्यावा लागू लागला. सेनापती राजाच राहिला, पण पार्लमेंट भरवल्याशिवाय त्याला सैन्य टिकवता येईना.

शिरस्तेदारांनी अनुच्छेद २६५ चा उल्लेख केला आहे, तर त्याच्या जोडीला अनुच्छेद ५३ चे दुसरे उपकलमही वाचावे. संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि त्याचा वापर कायद्याने विनियमित होईल, असे तिथे म्हटले आहे. हलच्या वेशीवर हॉथम आणि चार्ल्स यांच्यात जो वाद झाला, त्यातल्या दोन्ही बाजू या एका वाक्यात आहेत.